'मसल नॉट सीन': नाशिकच्या मूत्ररोगतज्ज्ञांना खुलं पत्र

नाशिक शहर आणि जिल्ह्यातील सर्व मूत्ररोगतज्ज्ञ डॉक्टरांना,

स.न.वि.वि.

माझ्या थोरल्या दिरांच्या, अण्णांच्या, फाईलमध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या गाठीच्या बायॉप्सीचा एक रिपोर्ट आहे. त्यात खालून तिसऱ्या ओळीवर टाईप केलंय, 'डिट्रूसर मसल नॉट सीन'. पाठवलेल्या तुकड्यांत मूत्राशयाचा स्नायू दिसला नाही, एवढंच ती ओळ सांगते. हा कागद सिन्नरच्या घरी लोखंडी कपाटात, लग्नपत्रिका आणि वीजबिलांच्या गठ्ठ्याखाली चौदा महिने पडून होता. घरात तो कुणाला वाचता येत नव्हता. ज्यांना वाचता येत होता त्यांच्यापैकी कुणी वाचला नाही. त्यात मीही आले.

मी तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, त्यातली एकोणीस यूरॉलॉजीच्या टेबलाशी. तुमच्यापैकी काहींच्या हातात मी दुर्बीण दिली आहे, काहींना शिकाऊ असताना ओरडा खाताना पाहिलंय, आणि दोघा-तिघांना केस संपल्यावर चहा देऊन 'होतं असं, सर' म्हटलंय. म्हणून या पत्रात कुणाचं नाव नाही, माझंही नाही.

अण्णांची सिन्नरला पिठाची गिरणी. वय तेव्हा एकसष्ट. सोळाव्या वर्षापासून विडी. सिन्नर हे विडीचंच गाव. बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या, आमच्या जाऊबाईही वळायच्या, त्यामुळे विडी ओढण्याला कुणी व्यसन म्हणत नसे. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी अण्णांना लाल लघवी झाली. दुखलं नाही, जळजळ नाही, दोन दिवसांत आपोआप साफ. गावातल्या डॉक्टरांनी उन्हाळी म्हणून गोळ्या दिल्या आणि जाऊबाईंनी धन्याजिऱ्याचं पाणी. दिवाळीत कसली उन्हाळी, हे मला आज सुचतंय. होळीच्या सुमाराला पुन्हा लाल, या वेळी गुठळ्यांसकट. मग सोनोग्राफी, उजव्या भिंतीवर दोन सेंटीमीटरची गाठ, आणि नाशिकच्या एका रुग्णालयात दुर्बिणीतून ऑपरेशन. तिसऱ्या दिवशी नळी निघाली, आठवड्यात अण्णा गिरणीवर.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वरवरची गाठ होती. सगळी काढली." डिस्चार्जच्या कागदावर शेवटी लिहिलं होतं, 'रिव्ह्यू एसओएस'. बायॉप्सी आठ दिवसांनी आली. पुतण्यानं काउंटरवर सही करून पाकीट घेतलं आणि घरी नेऊन कपाटात ठेवलं. एसओएस म्हणजे गरज लागली तर या. अण्णांना गरज लागली नाही. काही दुखतच नव्हतं.

आणि मी? घरात मी धाकटी सून. थोरल्या दिरांना लघवीचं कसं विचारायचं? थिएटरमध्ये परक्या माणसांचे पाय स्टिरपमध्ये बांधताना ज्या हातांना कधी काही वाटलं नाही, तेच हात सिन्नरला गेल्यावर डोक्यावरचा पदर सारखा करत बसायचे. मी फाईल मागितलीच नाही. हे मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही.

पुढच्या जूनमध्ये तिसऱ्यांदा लाल झालं, तेव्हा गाठ स्नायूत शिरली होती. पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईच्या फेऱ्या झाल्या, मूत्राशय काढावं लागलं, आतड्याच्या तुकड्याची वाट करून पोटावर पिशवी आली. अण्णा आहेत. गिरणीत बसतात, पट्ट्याचा आवाज बदलला की मुलावर ओरडतात. पण त्या फेऱ्यांमध्येच कधीतरी, कसारा घाटात गाडी उभी असताना, मी ती फाईल पहिल्यांदा पानापानानं वाचली. हाय ग्रेड, म्हणजे उग्र जातीच्या पेशी. टी-वन. मसल नॉट सीन.

दुसऱ्यांदा दुर्बीण वेळेवर घातली असती तर मूत्राशय वाचलंच असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. अशा गाठी सगळं नीट करूनही उलटतात, हे तुम्हीही पाहिलंय आणि मीही. माझं म्हणणं वेगळं आहे. ऑपरेशन अर्धं राहिलं होतं, आणि ते अर्धं राहिलंय हे फक्त त्या कागदाला माहीत होतं.

हे पत्र उघडं आहे, म्हणून ज्यांनी थिएटर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुम्ही हा भाग ओलांडून गेलात तरी चालेल.

मूत्राशय ही पाण्याची पिशवी. आतून पातळ अस्तर, त्याखाली मऊ जोड-थर, त्याखाली जाड स्नायू आणि बाहेरून चरबी. गाठ अस्तरातच असेल तर तिला टी-ए म्हणतात, मधल्या थरात उतरली तर टी-वन, स्नायूत शिरली तर टी-टू. पहिल्यांदा सापडणाऱ्या दर चार गाठींमधल्या साधारण तीन स्नायूच्या अलीकडे असतात. त्यांच्यासाठी पोट फाडावं लागत नाही. लघवीच्या मार्गानं दुर्बीण आत जाते, तिच्या टोकाला तारेचा एक बारीक अर्धगोल असतो, लूप. त्यातून उच्च वारंवारितेची वीज सोडली की तार लोण्यातून सुरी जावी तशी गाठीतून जाते. पायाशी दोन पेडल, पिवळं कापायला, निळं रक्त थांबवायला. पडद्यावर गाठ दिसते ती मात्र मोठी देखणी: पाण्यात हलणारे बारीक गुलाबी तुरे. कितीतरी नव्या मुली पहिल्यांदा पाहून म्हणायच्या, "सिस्टर, किती छान दिसतंय!"

विजेचा हा प्रयोग शंभराहून अधिक वर्षं जुना आहे. १९१० साली न्यूयॉर्कच्या एडविन बिअर यांनी दुर्बिणीतून तार घालून दोन रुग्णांच्या गाठी विजेनं जाळल्याचं प्रसिद्ध केलं. तोवर अशा गाठीसाठी पोटावरून मूत्राशय उघडत. पुढे १९२६ मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्न यांचा रिसेक्टोस्कोप, म्हणजे कापणारी दुर्बीण, आला, १९३१ मध्ये जोसेफ मॅकार्थी यांनी तो सुधारला, आणि आज तुमच्या हातात असतं ते त्याचंच पणतवंड. मी नोकरीला लागले तेव्हा मूत्राशयात सोडायच्या पाण्यासाठी ग्लायसीनच्या बाटल्या टांगायचो, कारण जुन्या पद्धतीत मिठाचं पाणी वीज पांगवतं. मांडीखाली कॉटरीची, म्हणजे वीज परत नेणारी, प्लेट नीट चिकटली की नाही हे मी दोनदा हात फिरवून बघायची. नंतर बायपोलर आलं, वीज अवजारातल्या अवजारातच परतायला लागली आणि साधं सलाईन चालायला लागलं. ग्लायसीन रक्तात शोषलं जाऊन सोडियम उतरण्याची भीती गेली. आम्ही सगळ्यांनीच सुस्कारा सोडला.

आता मुद्द्यावर येते.

या ऑपरेशनची दोन कामं आहेत. गाठ काढणं हे एक, आणि ती किती खोल गेली आहे हे शोधणं हे दुसरं. पहिलं काम पडद्यावर दिसतं. तुरे गेले, पांढरी भाजलेली जागा उरली, गडी खूश. दुसरं काम पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी तळाचा स्नायू बाटलीत यावा लागतो. पॅथॉलॉजिस्ट बाटलीत जे आहे तेच पाहणार. ज्या घरात पोलीस गेलेच नाहीत, त्या घरात चोर नव्हता असं पंचनाम्यात कसं लिहिणार?

'वरवरची' या शब्दाचंच बघा. आपल्याकडे वरवरचं म्हणजे किरकोळ. वरवरची जखम, वरवरची ओळख. तुमच्या पुस्तकांनी इंग्रजीतला तो शब्द केव्हाच मागे टाकला, आता 'स्नायूत न शिरलेली' म्हणतात. पण स्नायू बाटलीत नसताना 'स्नायूत न शिरलेली' हे तरी कशाच्या जोरावर म्हणायचं? अण्णांच्या बाबतीत खरं वाक्य असं होतं: 'गाठ काढली आहे, ती किती खोल होती ते अजून कळलेलं नाही.' नातेवाईक घाबरले असते. घाबरलेले नातेवाईक रिपोर्ट कपाटात ठेवत नाहीत.

स्नायू का येत नाही, हेही मला माहीत आहे, म्हणून नुसतं बोट दाखवून मोकळी होणार नाही. एक केस सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वीची, स्पायनलमधली. डाव्या बाजूच्या भिंतीवर गाठ. त्या भिंतीच्या पलीकडून मांडीची एक नस जाते, ऑब्ट्यूरेटर. कमरेत इंजेक्शन देऊन माणूस कमरेखाली बधिर झाला तरी ती नस खाली विजेच्या ठिणगीला जागीच असते. सरांनी पिवळं पेडल दाबलं आणि रुग्णाची मांडी आत अशी झटकन ओढली गेली, की स्टिरप हलला. लूप भिंतीतून आरपार. पडद्यावर पिवळी चरबी चमकली. चरबी पिवळी दिसणं म्हणजे काय, हे या धंद्यात सांगावं लागत नाही. थिएटर एकदम गप्प. सरांनी रक्त थांबवलं, नळी घातली, रुग्ण काही दिवस जास्त राहिला आणि बरा होऊन गेला. पण ते सर त्यानंतर किती वर्षं बाजूच्या भिंतीवर हात आखडून काम करायचे, ते मी शेजारी उभी राहून पाहिलंय. वरवर खरवडायचं, तळ नुसता भाजायचा, पुढची केस.

भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय आहेत आणि ते तुम्हीच आम्हाला शिकवलेत. मूत्राशय तुडुंब भरू द्यायचं नाही, कारण भरलं की भिंत नसेजवळ सरकते. बाजूच्या भिंतीची गाठ आहे हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच सांगायचं, म्हणजे नसेला वेगळं इंजेक्शन देतील किंवा पूर्ण भूल देऊन स्नायू सैल करतील. घाईच्या दिवशी यातलं काही होत नाही. सहा केसेसची यादी असते, पाचवी ही असते, भूलतज्ज्ञांना दुसऱ्या हॉस्पिटलला जायचं असतं. मला यादीही माहीत आहे आणि घड्याळही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी डॉक्टरांपेक्षा सिस्टरच्या हातात जास्त असते. बाटली. गाठीचे तुरे आणि तळाचा तुकडा एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकले की खिचडी होते. तिकडे पॅथॉलॉजीत कोणता तुकडा कुठला, काही कळत नाही. त्यात तळ उगाच जास्त भाजला असेल तर तुकडे करपलेले, वाचण्यासारखे राहतच नाहीत. दोन बाटल्या करायच्या, एकीवर 'गाठ', दुसरीवर 'तळ'. तळाचा तुकडा शक्यतो विजेशिवाय, चिमट्यानं घेतलेला. खर्च किती, एका बाटलीचा. मी ज्या सरांकडे शेवटची सहा वर्षं होते ते प्रत्येक केसला विचारायचे, "सिस्टर, दुसरी बाटली?" मला तेव्हा वाटायचं, काय हा छळ.

आणि स्नायू नाहीच आला तर? तर नाही आला. कुठल्याही चांगल्या हातून होतं. त्यावरचा इलाज तुमच्याच पुस्तकांत लिहिलेला आहे: टी-वन असेल, गाठ पूर्ण निघाल्याची खात्री नसेल किंवा स्नायू मिळाला नसेल, तर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालून तीच जागा पुन्हा खरवडायची. (अगदी छोट्या, कमी ग्रेडच्या टी-ए गाठीला एवढं लागत नाही, तेही ठाऊक आहे.) दुसऱ्या वेळी बऱ्याच जणांमध्ये उरलेली गाठ सापडते. हे रुग्णाला सांगणं जड जातं, कारण त्याला वाटतं पहिल्यांदा डॉक्टर चुकले. म्हणून आधीच सांगावं, ऑपरेशनच्या अगोदर, संमतीच्या कागदावर सही घेताना: 'कदाचित दोनदा करावं लागेल.' द्राक्षाच्या बागेत छाटणी दोनदा होते, एप्रिलात आणि ऑक्टोबरात. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला दोनदा म्हणजे चूक असं वाटणार नाही. त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं तर.

आता ऑपरेशन झाल्यावर त्याच रात्री द्यायच्या औषधाबद्दल. गाठ कापताना पेशी सुटतात, मूत्राशयातल्या पाण्यात तरंगतात आणि खरवडलेल्या ओल्या जागेवर जाऊन बसतात. आपल्या गोदावरीत पाणवेली काढतात तेव्हाचं आठवा. मशिन फिरतं, ट्रक भरतात, पात्र स्वच्छ दिसतं आणि कुठेतरी एक तुटका कोंब तरंगत राहतो. काही आठवड्यांनी पुन्हा हिरवं. म्हणून कमी जोखमीच्या गाठीनंतर पहिल्या चोवीस तासांत, जमल्यास पहिल्या काही तासांतच, मायटोमायसिन या कॅन्सरच्या औषधाचा एक डोस नळीतून आत सोडून तास-दोन तास ठेवायचा असतो. भिंतीला भोक पडलेलं असेल किंवा लघवी फारच लाल असेल तर नाही, बाकीच्यांना द्यायचा. त्यानं गाठ परत येण्याचं प्रमाण घटतं, हे अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे. पण प्रत्यक्षात तो राहतो. केस संध्याकाळी संपते, वॉर्डात नवी मुलगी, ते जांभळं औषध मिसळायचं कुणी, हातमोजे कुठले, नंतर ती लघवी टाकायची कुठे. आम्ही सिस्टर लोकांनीही ते टाळलंय, उगाच डॉक्टरांवर ढकलत नाही. संध्याकाळच्या केससाठी औषध दुपारीच मागवून ठेवलं आणि जबाबदारीचं एक नाव फळ्यावर लिहिलं, तर ते दिलं जातं. एवढं मी करून पाहिलेलं आहे.

बीसीजीचं मात्र वॉर्डात वेगळंच नाट्य होतं. जास्त जोखमीच्या गाठीसाठी हीच लस मूत्राशयात सोडतात, आधी आठवड्याला एक असे सहा डोस आणि मग ठरावीक महिन्यांनी पुन्हा तीन-तीन, एक ते तीन वर्षं. कॅनडाच्या अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं. दंडावर लहानपणीची खूण असते ती हीच लस. मूत्राशयासाठीची आपल्या पुण्यातही बनते. पण 'टीबीची लस' म्हटलं की घरात हलकल्लोळ. एका आजोबांच्या सुनेनं त्यांचं ताटवाटी वेगळं केलं होतं. कुणी पाच मिनिटं बसून सांगितलं नाही की ताटवाटीचा काही संबंध नाही; डोसनंतरचे सहा तास संडासात ब्लीच टाका, हात धुवा, बस. जळजळ होईल, अंग गरम होईल, मोठा ताप टिकला तर लगेच फोन करा. आजोबांनी तिसऱ्या डोसनंतर येणंच सोडलं. कारण औषधाचा त्रास नव्हता, ते ताट होतं.

आणि मग ती तीन महिन्यांची दुर्बीण. युरोपातल्या सात चाचण्यांमधल्या २५९६ रुग्णांची आकडेवारी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यात पाच वर्षांत गाठ परत येण्याची शक्यता जोखमीप्रमाणे ३१ ते ७८ टक्के निघाली. म्हणजे ज्याला सर्वांत कमी धोका, त्याच्यातही साधारण तिघांत एक. हे माहीत असलेला माणूस डिस्चार्जवर 'एसओएस' कसा लिहितो? हा आजार तारखेचा आहे. पहिली दुर्बीण तीन महिन्यांनी, सगळ्यांना. ती साफ असली आणि गाठ साधी असली तर पुढची वर्षाच्या सुमाराला, मग दर वर्षी. जास्त जोखमीला दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी. दुखण्याची वाट बघायची तर दुखतच नाही, हीच तर त्याची लबाडी.

माझी तुमच्याकडे मागणी फार नाही. ज्या दिवशी बायॉप्सी येते त्या दिवशी पाकीट काउंटरवरून देऊ नका. रुग्णाला आत बोलवा, निदान फोन करा. आणि मराठीत एक कागद द्या. गाठ कुठे होती, किती होत्या, ग्रेड काय, स्नायू मिळाला की नाही, परत खरवडायचं आहे की नाही, पुढच्या दुर्बिणीची तारीख. इंग्रजी डिस्चार्ज ठेवा, विमा आणि जनआरोग्य योजनेच्या फाईलला तोच लागतो. पण तो योजनेसाठी आहे. हा रुग्णासाठी.

म्हसरूळला आपल्याच गावात आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून. राज्यभरातली मुलं त्याच्या परीक्षा देऊन डॉक्टर होतात. तुमच्यातले जे तिथे परीक्षक म्हणून जातात, त्यांनी तोंडी परीक्षेत एवढा एक प्रश्न विचारावा: रिपोर्टात स्नायू नाही, रुग्ण सिन्नरचा आहे, त्याला काय सांगशील? मराठीत सांग. बघा किती जणांची त-त-प-प होते.

जाता जाता गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना, कारण हे पत्र ते वाचतील अशी आशा आहे. लाल लघवी, दुखत नाही, चाळिशी उलटलेली: ही उन्हाळी समजू नका. आपोआप थांबली म्हणून सोडून देऊ नका, ती थांबतेच. रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे म्हणून त्या गोळीवर ढकलू नका. सोनोग्राफी साफ आली म्हणूनही निश्चिंत होऊ नका. छोटी किंवा चपटी गाठ तिला दिसत नाही, दुर्बिणीला दिसते. बायकांच्या बाबतीत तर अधिकच, त्यांना एकामागून एक इन्फेक्शनचे कोर्स देण्यात महिने जातात. आणि विडी-सिगारेटचं विचारा. निम्म्याच्या आसपास रुग्णांत कारण तंबाखूचा धूर हेच असतं. धुरातली विषं मूत्रपिंड गाळून मूत्राशयात साठवतं आणि ती तिथे तासन्‌तास अस्तराला लागून राहतात. बहुतेकांना वाटतं, विडीनं फक्त छातीच जाते. कामाचंही विचारा. १८९५ साली फ्रँकफर्टच्या लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये या गाठी दाखवून दिल्या होत्या, आणि संपर्क आल्यापासून गाठ येईपर्यंत वीस-तीस वर्षंही जातात. येवल्यात रेशीम रंगवलं जातं, मालेगावात सूत, सातपूर-अंबडला काय काय होतं. मी कुणावर आरोप करत नाही. पूर्वी काय काम करत होतात, हा एक प्रश्न वाढवा, एवढंच.

अण्णांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. विडीबद्दल त्यांनी कधीच काही लपवलं नाही. आता सोडली आहे. जाऊबाईंनी सूप माळ्यावर टाकलंय.

तुम्हाला वेळ नसेल म्हणून तो मराठी कागद मीच तयार केला आहे. एका पानाचा, मोठ्या टाईपात, मूत्राशयाचं साधं चित्र आणि त्यावर गाठीची जागा दाखवायला घड्याळासारखी वर्तुळं. दत्त मंदिराजवळच्या झेरॉक्सवाल्यानं दोनशे प्रती काढून दिल्या आणि 'मावशी, हे कशाचं?' म्हणून विचारलं. त्याला सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या सासऱ्यांनाही असंच झालं होतं, पण एकदाच, मग थांबलं. त्याला मी पहिला कागद दिला आणि सासऱ्यांना कुणाकडे न्यायचं तेही सांगितलं.

उरलेले १९९ पुढच्या सोमवारपासून तुमच्या ओपीडीत आणून देईन. स्नायूची ओळ पहिलीच घेतली आहे: 'तळाचा स्नायू तपासात मिळाला: होय / नाही'. शेवटची ओळ कोरी आहे, 'पुढची दुर्बीण, दिनांक'. ती कंपाउंडरकडून भरून घेऊ नका.

आपली,
एक निवृत्त थिएटर सिस्टर
नाशिकरोड

ता.क. कागदात माझ्याकडून काही चुकलं असेल तर लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवा. तुमच्या लाल पेनाची मला सवय आहे.